नॉमिनी म्हणजे वारस नव्हे!

अंबड तालुक्यातल्या एका गावात बचत गटाची बैठक संपली. सगळ्याजणी उठल्या, पण एक तरुण बाई जागची हलली नाही. नवरा जालन्याला कारखान्यात कामाला होता, आजारपणात गेला. पदरात दोन लेकरं. बँकेत त्याची चार लाखांची एफडी होती, लग्नाआधी केलेली. त्यामुळे नॉमिनी म्हणून धाकट्या दिराचं नाव. बँकेने पैसे त्याला दिले.

"ताई, भाऊजी म्हणतात, कागदावर माझं नाव हाय, पैसा माझाच. मग आमचं काय ऱ्हायलं?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, मी बी.ए. झालेली, पण नॉमिनी म्हणजे पैशाचा मालक, असंच मीही कितीतरी वर्षं धरून चालले होते. 'नॉमिनी' आणि 'लीगल हेअर' हे दोन इंग्रजी शब्द आपण एकच समजतो, तिथेच घात होतो.

गावाला जाताना आपण शेजारणीकडे किल्ली देतो. म्हणून घर तिचं होतं का? नॉमिनी तसा. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच त्या नावावरून ठरतं. ते पैसे पुढे ज्यांचे त्यांना द्यायचे असतात. ते म्हणजे लीगल हेअर, कायदेशीर वारस.

सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच विम्याच्या एका खटल्यात हे सांगितलं. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीचा प्रश्नही कोर्टात गेला होता. १४ डिसेंबर २०२३ च्या त्या निकालातही तेच: नॉमिनी झाल्याने कोणी मालक होत नाही. विम्यात मात्र २०१५ पासून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना खास हक्क दिला आहे. तिथे वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. म्हणजे या चार लाखांत तिचा एक, दोन लेकरांचे दोन आणि सासूबाईंचा एक. दिराचा एक रुपयाही नाही!

आम्ही तिला तालुका विधी सेवा समितीकडे नेलं. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नोटीस गेली, मग घरातली वडीलधारी मंडळी बसली. तीन लाख ती आणि लेकरांच्या नावावर झाले. सासूबाईंनी आपला लाख स्वतःकडे ठेवला. काहींना ते खटकलं. पण आईसुद्धा वारसच असते ना!

आता एक काम करा. आज संध्याकाळी घरातली सगळी पासबुकं आणि एफडीच्या पावत्या काढा. नॉमिनी कोण आहे ते बघा. लग्नाआधीचं नाव राहिलं असेल तर बँकेत फॉर्म भरून बदलता येतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. आणि हो, तुमच्या स्वतःच्या खात्यावर कोणाचं नाव आहे, तेही बघा. नवऱ्याला विचारायला लाजू नका. हा अपशकुन नाही, हा संसारच आहे.