इंजेक्शन दिलं, पण लिहिलं का?

दहा रुपयांची बचतसुद्धा रजिस्टरात लिहिल्याशिवाय आपण बैठक पुढं नेत नाही. आपलं माणूस दवाखान्यात ठेवलं की मात्र त्याच्या कागदांकडे आपण ढुंकूनही बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई साखरेच्या पेशंट. तालुक्याला एका नर्सिंग होममध्ये भरती होत्या. संध्याकाळच्या सिस्टरनी जेवणाआधी इन्सुलिन दिलं, पण चार्टवर लिहायचं राहिलं. ड्यूटी बदलली. रात्रीच्या सिस्टरनी चौकट रिकामी पाहिली आणि पुन्हा इन्सुलिन दिलं. थोड्या वेळानं सासूबाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं. साखर एकदम उतरली होती. सुनेनं आरडाओरडा केला, म्हणून शिरेतून ग्लुकोज वेळेवर मिळालं.

सिस्टर वाईट नव्हत्या. एकटीच्या अंगावर सगळा वॉर्ड होता. पण रात्री येणाऱ्या सिस्टरनं दिवसभर पेशंट पाहिलेला नसतो, तिला कळतं ते चार्टवरूनच. म्हणून औषध दिल्याबरोबर वेळ आणि सही हवी. देण्याआधी नाही, आणि ड्यूटी संपताना आठवून तर नाहीच. नोंद चुकली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची. व्हाइटनर लावायचा नाही. इन्सुलिनचं 'युनिट' पूर्ण अक्षरांत लिहावं. घाईत काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० वाचले जातात.

आपणही कमी नाही हं! घरची गोळी सिस्टरला न सांगता देतो. डॉक्टर ॲलर्जी विचारतात तेव्हा 'काही नाही' म्हणतो, आणि मागं कुठल्या गोळीनं अंगावर गांधी उठल्या होत्या ते विसरतो. भरती करतानाच चालू औषधांच्या पट्ट्या दाखवा, केसपेपरवर लिहून घ्या. चार्ट हिसकावायचा नाही, पण 'सिस्टर, आत्ताचं लिहिलं का?' एवढं विचारायला लाजू नका. आपल्या वहीतही वेळ टिपा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचे असतात. पेशंटनं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. साध्या कागदावर अर्ज करा आणि पोच घ्या. पुढच्या डॉक्टरांना ते लागतात.

आमच्या ताईंनी तसाच अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या. त्यात दोन्ही इंजेक्शनं लिहिलेली होती. पहिल्याची वेळ मात्र नव्हती.