उठताना आधार का लागतो?

जालना जिल्ह्यात शेतातली कितीतरी कामे उकिडवे बसून करावी लागतात. खुरपणीसाठी बसताना-उठताना मांड्यांचे व कमरेचे मोठे स्नायू कामाला येतात. मोसंबी तोडताना खांद्याचे. हे स्नायू दुबळे झाले, की जमिनीवरून उठणे, जिना चढणे, केस विंचरणे जड जाते. लोक त्याला आळस म्हणतात. पण खरे कारण शरीरात लपलेले असू शकते.

एक कारण गळ्यात सापडते. तेथील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. पेशींनी इंधन किती वेगाने जाळावे, हे त्यावर ठरते. चुलीचा जाळ कमी पडला तर भाकरी कच्ची राहते, वाढला तर करपते. तसेच इथेही! थायरॉक्सिन कमी पडले तर स्नायू मंदावतात. जास्त झाले तर झिजतात. दोन्हींत अशक्तपणा येतो. १९१४ साली केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने थायरॉक्सिन वेगळे केले. आज त्याची कमतरता रोजच्या गोळीने भरून काढता येते आणि काही महिन्यांत ताकद परतू लागते.

दुसरे कारण स्नायूतच असते. दुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक रोगात डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही. त्याचा शोध १९८७ साली लागला. ते नसल्यामुळे स्नायूंचे तंतू आकुंचन पावताना फाटतात व त्यांच्या जागी चरबी साठते. हा रोग बहुतेक मुलग्यांना होतो. असा मुलगा स्वतःच्याच गुडघ्या-मांड्यांवर हात टेकत उठतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरदार दिसतात! रोग अजून पूर्ण बरा होत नाही. पण औषधे व योग्य व्यायाम यांमुळे चालणे अधिक काळ टिकते.

गंमत अशी, की थायरॉक्सिन कमी असलेल्या काही मुलांच्याही पोटऱ्या फुगतात. रक्तातले क्रिएटिन कायनेज हे विकर दोन्ही आजारांत वाढते. म्हणून डॉक्टर थायरॉइडचीही तपासणी करतात. नाहीतर बरा होणारा आजार असाध्य ठरायचा!

शिक्षकहो, प्रार्थनेनंतर एखादा विद्यार्थी नेहमी हात टेकून उठत असेल, तर त्याला जादा उठाबशा देऊ नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, की त्याला आवर्जून दाखवा. तोवर, मित्रांनो, त्याचे दप्तर तुम्ही उचला.