प्लास्टरच्या आतली न थांबणारी कळ

हाड मोडले की दुखणारच, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून प्लास्टर घातल्यावर रात्री तळमळणाऱ्या माणसाला घरचे धीर देतात, आणखी एक वेदनाशामक गोळी देतात आणि सकाळची वाट पाहतात. बहुतेकदा त्यात काही बिघडत नाही. पण दुखणे ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’चे असेल, तर ती एक रात्र हात किंवा पाय कायमचा निकामी करायला पुरेशी असते.

आपल्या हातापायांतले स्नायू मोकळे नसतात. फॅशिया नावाच्या चिवट पडद्याने त्यांचे कप्पे केलेले असतात. गुडघ्याखालच्या पायात असे चार कप्पे आहेत. हा पडदा ताणला जात नाही. मार लागून आत रक्त साचले किंवा स्नायू सुजला, की कप्प्यातला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो, त्यामुळे तो आणखी सुजतो आणि दाब आणखी चढतो. साधारण सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात. मज्जातंतू तर त्याआधीच तक्रार करतात.

नडगीचे हाड मोडणे हे याचे सर्वांत नेहमीचे कारण. दुचाकीच्या अपघातांत हे हाड हमखास सापडते. मुलांमध्ये कोपराच्या वरचे हाड मोडल्यावर हा धोका असतो. हाड न मोडताही, नुसत्या चेंगरण्याने, भाजण्याने किंवा घट्ट प्लास्टरने हे होऊ शकते. हाडवैद्याकडे बांबूच्या पट्ट्या करकचून बांधून घेतल्यानंतर बोटे काळीनिळी पडलेले रुग्ण आजही अस्थिरोगतज्ज्ञांकडे येतात.

ओळखायचे कसे? इजेच्या मानाने फारच जास्त आणि वाढत जाणारी वेदना, ही पहिली खूण. गोळीने, इंजेक्शनने ती हटत नाही. दुसरी खूण त्याहून भरवशाची: दुसऱ्याने रुग्णाची बोटे हळूच सरळ केली किंवा वाकवली, की तो किंचाळतो. पोटरी ताणून टणक लागते, बोटांत मुंग्या येतात, मग बधिरपणा. लहान मूल नीट सांगू शकत नाही; ते सैरभैर होते, रडणे थांबवत नाही.

इथे एक गैरसमज घातक ठरतो. नाडी लागते आहे, बोटे गरम आहेत, म्हणजे सगळे ठीक, असे अनेकजण धरून चालतात. पण मोठ्या धमनीतला दाब कप्प्यातल्या दाबापेक्षा बराच जास्त असल्याने नाडी शेवटपर्यंत लागू शकते. ती जाईपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर.

शंका येताच रुग्णालय गाठायचे. तिथे आधी प्लास्टर, त्याखालच्या कापसासह, त्वचेपर्यंत कापून मोकळे करतात. पाय उशांवर उंच ठेवण्याची सवय इथे नडते, कारण त्याने रक्तपुरवठा आणखी घटतो. तो हृदयाच्या पातळीवरच ठेवावा. मालीश आणि शेक तर नकोच. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा निदान पक्के होत नसेल, तर सुईने कप्प्यातला दाब मोजतात. रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून तो वजा केल्यावर ३० किंवा त्याहून कमी उरले, तर शस्त्रक्रिया लांबवता येत नाही.

ही शस्त्रक्रिया म्हणजे फॅसिओटॉमी. लांब छेद घेऊन पडदा उघडतात आणि जखम तशीच उघडी ठेवतात. नातेवाईक ती पाहून हादरतात, पण ती मुद्दामच शिवलेली नसते. दोनएक दिवसांनी पुन्हा तपासून, सूज उतरल्यावर ती टाके घालून किंवा त्वचारोपण करून बंद केली जाते.

वेळ निसटली तर काय होते, ते जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवले होते. घट्ट बांधलेल्या हातांतले स्नायू मरून आखडतात आणि बोटे पंजासारखी वळतात. त्या विकृतीला आजही त्यांचेच नाव आहे. ती एकदा आली, की पुढच्या शस्त्रक्रियांनी हात थोडाफार कामाचा होतो, पूर्वीसारखा नाही.