फ्लॅश अपडेटच्या वेषात आलेला ‘बॅड रॅबिट’

२४ ऑक्टोबर २०१७. रशिया आणि युक्रेनमधले लोक ऑफिसात नेहमीच्याच बातम्यांच्या वेबसाइट वाचत होते. अचानक स्क्रीनवर चौकट आली : फ्लॅश प्लेअर अपडेट करा. बटण दाबलं की ‘इन्स्टॉल_फ्लॅश_प्लेअर.ईएक्सई’ ही फाइल उतरायची. ती चालवली, की कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद आणि सोडवायला ०.०५ बिटकॉइनची खंडणी!

हा होता ‘बॅड रॅबिट’. एका मशीनवर शिरला, की तो पासवर्ड चोरून ऑफिसच्या नेटवर्कभर पसरायचा. ओडेसा विमानतळ, कीव मेट्रो आणि रशियाची इंटरफॅक्स वृत्तसंस्था यांना त्याचा फटका बसला. विशेष म्हणजे वेबसाइट खऱ्याच होत्या. त्यांच्यात घुसवलेला कोड घातक होता.

म्हणूनच पहारा गेटवेवर, म्हणजे कंपनीचं नेटवर्क इंटरनेटला जोडलं जातं त्या नाक्यावर हवा. तिथला वेब प्रॉक्सी प्रत्येक विनंती तपासतो : डोमेन बदनाम आहे का? कालपरवाच नोंदवलेलं आहे का? अनोळखी ठिकाणाहून येणारी ईएक्सई फाइल थेट अडवता येते. संशयास्पद फाइल सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त आभासी मशीनवर, आधी चालवून पाहिली जाते.

एचटीटीपीएसमुळे मजकूर कूटबद्ध असतो. तो गेटवेवर उलगडला नाही, तर आतली फाइल दिसतच नाही. बँकिंग आणि आरोग्याच्या साइट मात्र गोपनीयतेसाठी यातून वगळतात.

पेन ड्राइव्हमधून किंवा घरच्या वायफायवरून येणारा मालवेअर या नाक्यावरून जातच नाही. त्यासाठी प्रत्येक लॅपटॉपवर वेगळं संरक्षण लागतंच.