किडनीचा आजार आणि आपलं वरण

किडनी नीट काम करत नाही असं कळलं की मराठी घरात पहिली कुऱ्हाड वरणावर पडते. ‘प्रोटीन बंद’ असं कुणीतरी सांगतं आणि दुसऱ्या दिवसापासून आजोबांच्या ताटात भात, दुधीची भाजी आणि चहा-बिस्किटं एवढंच उरतं. हे पुण्यात घडतं तसंच न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनच्या उत्तर टोकाला, रोटोटुनातही घडतं. तिथे अडचण आणखी एक. आहाराची इंग्रजी माहिती वाचायला घेतली तर तिच्यात टोस्ट, हॅम, उकडलेला बटाटा. तूरडाळ, भाकरी, आमसूल यांचं काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं. आणि भीतीपोटी ठरवलेलं पथ्य बहुधा गरजेपेक्षा कडक निघतं.

प्रश्न थोड्या घरांचा नाही. न्यूझीलंडमध्ये डायलिसिसची वेळ येण्याचं सगळ्यात मोठं कारण मधुमेह आहे, आणि तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण बरंच जास्त आहे.

आधी प्रोटीनचा हिशेब करू. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किडनीचा आजार मध्यम किंवा पुढच्या टप्प्यात असेल, पण डायलिसिस सुरू नसेल, तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरे. साठ किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. आता आपलं शाकाहारी ताट बघा. दोन वाट्या वरणातून साधारण १३ ग्रॅम, चार पोळ्यांतून तेवढंच, भातातून चारेक, दूध-दह्यातून बारा-तेरा, भाजीतून थोडं. बेरीज ४८ च्या आसपासच येते! म्हणजे कमी करायला मुळात फारसं नव्हतंच. मटण-चिकन रोज खाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

डाळ तोडली की शरीर स्नायू मोडून खायला लागतं. आणि इथे एक फसवणूक होते. क्रिएटिनिन स्नायूंमधूनच तयार होतं, त्यामुळे माणूस वाळला की रिपोर्टमधला क्रिएटिनिनचा आकडाही उतरू शकतो. घरच्यांना वाटतं पथ्य लागू पडलं.

पुढे डायलिसिस सुरू झालं तर नियम उलटा होतो, कारण त्यात प्रोटीनचा काही भाग निघून जातो. मग किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं. काल ज्याला ‘वरण कमी घ्या’ म्हटलं त्यालाच आज ‘वाढवा’ म्हणायचं. जुनं पथ्य तसंच चालू ठेवणं तेव्हा महागात पडतं.

डाळीवर दुसरा आरोप फॉस्फरसचा. डाळीत तो असतो हे खरं, पण बराचसा फायटेटच्या रूपात, आणि ते फोडणारं एन्झाइम आपल्या आतड्यात जवळपास नाहीच. म्हणून त्यातला बराच भाग शोषला न जाता बाहेर पडतो. दुधातला त्याहून जास्त शोषला जातो (वायकाटो हा दुभत्याचा प्रदेश, तिथे हे सांगणं जिवावर येतं). पण कारखान्यात घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच रक्तात उतरतो. तो सापडतो प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये, हॅम-सॉसेजमध्ये, कोलामध्ये, मीठ-फॉस्फेटचं पाणी टोचलेल्या गोठवलेल्या चिकनमध्ये. पाकिटावर घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे आकडे शोधा. वरणाला घाबरून पाकिटातलं सॉसेज खाणं म्हणजे उलटी गंगा.

पोटॅशियमचं पथ्य सरसकट सगळ्यांना नसतं. रक्तातला आकडा वाढला असेल तरच ते येतं, आणि तो वाढण्यामागे रक्तदाबाच्या काही गोळ्या, बद्धकोष्ठता किंवा हाताबाहेर गेलेली साखरही असू शकते. कमी करायचंच असेल तर आपल्याकडे जुनी रीत आहे: बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी टाकून द्या. बटाट्याचं पोटॅशियम असं निम्म्यापर्यंत उतरतं. नुसतं रात्रभर भिजवून फारसं नाही. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवून तेच पाणी आमटीत घातलं तर सगळं जागच्या जागी. पुरणपोळीचं उदाहरण मजेशीर आहे. हरभऱ्याची डाळ शिजवून पाणी निथळलं की पोटॅशियमचा मोठा वाटा कटात जातो. तेव्हा पोळी थोडी चालेल, जपायचं ते कटाच्या आमटीला. रोटोटुनात परसातला सिल्व्हरबीट पालकासारखा वापरतात, त्यालाही हीच रीत. कुमारा म्हणजे रताळंच, त्याला बटाट्याचा नियम. किवीपेक्षा सफरचंद आणि पेअर बरे. नारळपाणी नको. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर अजिबात नको. किडनी अधू असेल तर त्यातलं विष मेंदूवर जातं.

खरा शत्रू मात्र मीठ, आणि ते सगळ्यांसाठीच. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. त्यात पापड, लोणचं, फरसाण, ढोकळ्यातला सोडा यांचं सोडियमही मोजायचं. सैंधव हे मीठच, उपासाला चालतं म्हणून किडनीला चालतं असं नाही. ‘लो सोडियम’ मीठ त्याहून धोक्याचं असू शकतं, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. न्यूझीलंडमधल्या पाकिटांवर सोडियम छापणं सक्तीचं आहे, पोटॅशियम नाही. १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असलेल्या पदार्थालाच तिथे ‘कमी मीठ’ म्हणता येतं. आमसूल, लिंबू, हिंग-जिऱ्याची फोडणी, ओली मिरची यांनी मिठाची उणीव बरीच झाकते. काही आठवडे अळणी वाटतं, मग जीभ रुळते.

आहारतज्ज्ञांकडे जाताना ताज्या रक्ततपासणीचे आकडे आणि तीन दिवस काय काय खाल्लं ते वाट्या-पोळ्यांच्या मापात लिहून न्या. आजी-आजोबांना इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषा मागा. न्यूझीलंडमध्ये रुग्णहक्कांच्या १९९६ च्या संहितेत, गरज असेल आणि शक्य असेल तिथे दुभाषा मिळण्याचा हक्क आहे. मुलाने किंवा सुनेने भाषांतर केलं की ‘थोडं कमी करा’चं ‘बंद’ व्हायला वेळ लागत नाही.