९६२ दिवस न थांबलेली भट्टी

गोंदिया जिल्ह्यात कोळशाच्या मालगाडीचं कुणाला अप्रूप नाही. तिरोड्याचा औष्णिक वीजप्रकल्प ३३०० मेगावॅटचा, ६६० मेगावॅटचे पाच संच. कोळशाच्या विजेचा ढोबळ हिशेब असा: एका युनिटला सहाशे-साडेसहाशे ग्रॅम कोळसा. म्हणजे अगदी २२० मेगावॅटचा छोटा संच चोवीस तास पूर्ण ताकदीने चालवायचा म्हटला, तरी तीन-साडेतीन हजार टन कोळसा हवा. जवळपास एक अख्खी मालगाडी, आणि तीही रोज.

आता कारवार तालुक्यातल्या कैगाला चला. इथे काळी नदीच्या काठी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. तेवढ्याच विजेसाठी त्यांतल्या एकीला दिवसाला लागतात युरेनियमची आठ-नऊ बंडलं. एक बंडल जेमतेम अर्धा मीटर लांब: पेन्सिलीच्या साधारण दुप्पट जाड अशा १९ नळ्या गोल जुळवलेल्या, वजन सोळा-सतरा किलो. दिवसभराचा सगळा खुराक दीडशे किलोच्या आत! नवं बंडल किरणोत्साराच्या दृष्टीने इतकं सौम्य असतं की माणसं हातमोजे घालून ते उचलतात.

पण खरी नवलाई पुढेच आहे. कैगाची पहिली भट्टी १३ मे २०१६ रोजी सुरू झाली, ती थांबली थेट ३१ डिसेंबर २०१८ रोजी. सलग ९६२ दिवस! तीन पावसाळे आले आणि गेले, भट्टी चालूच. या काळात तिने सुमारे ५०० कोटी युनिट वीज दिली. ब्रिटनच्या हेशममधल्या भट्टीचा ९४० दिवसांचा जागतिक विक्रम तिने मोडला. पुढे २०२१ मध्ये कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या भट्टीने ११०६ दिवसांची मजल मारली.

एवढा वेळ न थांबता चालणं जमतं कसं? गंमत म्हणजे, या ताकदीचं मूळ एका उणिवेत आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्यात, तारापूरला १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या. त्यांत एकदा इंधन भरलं की कित्येक महिने बघावं लागत नाही. पण ते बदलायची वेळ आली की भट्टी बंद करायची, थंड करायची, झाकण उघडायचं. कैगाची भट्टी चालते नैसर्गिक युरेनियमवर. त्यात हजार अणूंमागे फुटण्याजोगे अणू फक्त सात. एवढ्याशा शिदोरीवर साखळी अभिक्रिया टिकवायची, तर न्यूट्रॉन वाया जाऊन चालत नाहीत. म्हणून न्यूट्रॉन फारसे न गिळणारं जड पाणी भट्टीत वापरतात. तरीही गंगाजळी तुटपुंजीच. काही आठवडे नवं इंधन दिलं नाही, तर भट्टीचा दम संपत जातो.

मग इंजिनिअरांनी ठरवलं, रोज भरवावंच लागणार असेल तर चालता चालताच भरवू. भट्टीत ३०६ आडव्या नळ्या, प्रत्येकीत बारा बंडलं एकामागे एक. नळीच्या दोन्ही तोंडांशी दोन यंत्रं येऊन घट्ट बसतात. आत सुमारे तीनशे अंशांना तापलेलं, प्रचंड दाबाखालचं जड पाणी वाहत असतं. यंत्रं आधी आपल्यातला दाब नळीतल्या दाबाशी जुळवून घेतात, मग बूच काढतात. एका बाजूने नवी आठ बंडलं आत ढकलली जातात, दुसऱ्या बाजूने जुनी आठ बाहेर पडतात. बुचं पुन्हा लागतात. तिथे माणूस कुणीच नाही; सगळा कारभार दूर नियंत्रण कक्षातून. आणि वीजनिर्मिती? ती एक क्षणही थांबलेली नसते.

इंधनाचा प्रश्न सुटला, तरी भट्टी बंद पडायला दुसरी शंभर कारणं असतात. एखादा दाबमापक बिघडून खोटा आकडा दाखवू लागला तर? यावरची युक्ती भन्नाट आहे. महत्त्वाची मोजमापं तीन स्वतंत्र साखळ्यांकडून घेतली जातात. तिघींपैकी दोघींनी धोका सांगितला, तरच भट्टी आपोआप बंद होते. त्यामुळे एकटी साखळी बिघडली तर विनाकारण भट्टी थांबवू शकत नाही, आणि खरा धोका झाकूनही ठेवू शकत नाही. सुरक्षितता आणि भरवसा दोन्ही एकाच नियमात. शिवाय भट्टी चालू असतानाच एकेका साखळीची आळीपाळीने तपासणी करता येते.

अर्थात नुसत्या यंत्राने भागत नाही. २००८-०९ मध्ये देशातली अणुवीज केंद्रं सरासरी निम्म्या क्षमतेनेच चालली. भट्ट्या ठणठणीत होत्या, युरेनियमच पुरेसं नव्हतं. आणि कैगाच्या या भट्टीची सुरुवात तर फारच वाईट झाली होती. बांधकाम चालू असताना तिच्या इमारतीच्या घुमटाचं काँक्रीट कोसळलं. भट्टीत तेव्हा इंधन नव्हतं. घुमटाचा आराखडा पुन्हा तपासला गेला, घुमट नव्याने बांधला गेला, आणि २००० साली भट्टीने वीज द्यायला सुरुवात केली. घुमट कोसळला ती तारीख होती १३ मे १९९४. बरोबर बावीस वर्षांनी, त्याच तारखेला, विक्रमी धाव सुरू झाली.

ही धाव संपली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. काही बिघडलं म्हणून भट्टी बंद पडली नाही. ठरलेल्या तपासणीसाठी ती मुद्दाम बंद केली गेली. उष्णता आणि किरणोत्सार सोसून भट्टीतल्या त्या आडव्या नळ्या हळूहळू ताणल्या जातात, वाकतात. त्या मधूनमधून मोजाव्याच लागतात. आपण म्हणू तेव्हा थांबणारी आणि एरवी न थांबणारी भट्टी, हीच वीज केंद्र चालवणाऱ्यांच्या लेखी भरवशाची भट्टी.