पुळीपासून धावऱ्यापर्यंत

ऑक्सफर्डच्या अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाच्या चेहऱ्यावरचा जंतुसंसर्ग पसरत गेला आणि त्याला एक डोळा गमवावा लागला. फेब्रुवारी १९४१मध्ये त्याला पेनिसिलिन टोचले. ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध इतके तुटपुंजे होते की त्याच्या लघवीतून ते पुन्हा वेगळे काढावे लागे. साठा संपला, दुखणे उलटले आणि मार्चमध्ये तो दगावला. पुढे १९५५मध्ये आपल्या पिंपरीतही पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज प्रतिजैविके गल्लोगल्ली मिळतात. ती कधी लागतात आणि कधी नाही, याचे भान मात्र तितके पसरलेले नाही.

त्वचेच्या बहुतेक जंतुसंसर्गांमागे दोनच जंतू असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस पू साठवतो, तर स्ट्रेप्टोकॉकस बहुधा पसरत जातो. पहिला तर जवळपास तिघांतल्या एकाच्या नाकात एरवीही निमूटपणे राहतो. खरचटले, खाजवले की त्याला आत वाट मिळते. तो किती खोल गेला, यावर उपचार ठरतात.

सगळ्यांत वरवरचा प्रकार लहान मुलांत दिसतो. नाकातोंडाभोवती फोड येतात, फुटतात आणि त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरते. कोमट पाण्याने खपली भिजवून काढावी, म्युपिरोसिनसारखे मलम लावावे. फोड बरेच असतील तर डॉक्टर पोटातून औषध देतात. मुलाचा टॉवेल वेगळा ठेवावा. काही आठवड्यांनी चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली, तर मूत्रपिंडाची तपासणी हवीच.

केसाच्या मुळाशी पू झाला की केस्तूड, आणखी खोल साठला की गळू. छोट्या गळवाला गरम पाण्याचा शेक पुष्कळदा पुरतो. मोठे गळू पिकले की चीर देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार. साठलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. घरी पिळू नये, नाकावरचे किंवा वरच्या ओठावरचे तर मुळीच नाही. अनेक तोंडांची काळपुळी झाली किंवा गळवे वारंवार होऊ लागली, तर रक्तातली साखर तपासावी.

धावऱ्यात पाय लाल, गरम होतो, सुजतो, थंडी वाजून ताप भरतो. भातखाचरात राबणाऱ्यांच्या बोटांमधल्या चिखल्या हे जंतूंचे हमखास दार. इथे प्रतिजैविक लागतेच. पाय उंच ठेवायचा आणि चिखल्याही बऱ्या करायच्या. हत्तीरोगाच्या रुग्णांनी पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवला, तर धावऱ्याचे झटके कमी होतात. कातडी काळी पडली, दिसते त्यापेक्षा वेदना फार वाढल्या किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर तडक रुग्णालय गाठावे. अशा वेळी तातडीची शस्त्रक्रियाच जीव वाचवते.

जंतूही स्वस्थ बसलेले नाहीत. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ब्रिटनमध्ये १९६१मध्येच सापडला. म्हणून न हटणाऱ्या गळवाचा पू तपासून औषध निवडावे लागते. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने लाली तात्पुरती दबते, जंतूंचे मात्र फावते.

तेव्हा औषधाच्या दुकानात ‘एखादी ट्यूब द्या’ म्हणण्याआधी डॉक्टरांना जागा दाखवा आणि दिलेल्या गोळ्या सांगितले तितके दिवस घ्या.